थोरल्या मुलाचं मत

शेफालीला डॉक्टरेट मिळाली याचा आनंद बांदल मळ्यात सगळ्यांत जास्त कुणाला झाला असेल, तर तिच्या वडिलांना. आणि तिच्या प्रबंधातलं एक वाक्य तोंडपाठ करून ते भरल्या घरात तिच्याच अंगावर टाकलं, तेही त्यांनीच. दोन्ही गोष्टी एकाच रविवारी घडल्या.

जयसिंगआप्पा सातवीपर्यंत शिकलेले. पण प्रबंधाची सगळी वर्षं हडपसरहून गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायरीपर्यंत, ते मुलीला स्कूटरवरून सोडत आले. मुलीनं चालत जावं हे त्यांना चाललं नसतं, आणि बसमधल्या गर्दीवर त्यांचा विश्वास नव्हता. संध्याकाळी जेवताना ते विचारायचे, "आज कुठवर आलं तुझं इलेक्शन?"

तिचं इलेक्शन म्हणजे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड नावाच्या राज्यातली १८४४ सालची अध्यक्षपदाची निवडणूक. विषय ऐकून तिचे काका, रामदास, म्हणाले होते, "पेशव्यांवरचं सगळं लिवून झालं का?" आप्पांना मात्र विषय पहिल्याच दिवशी उमगला. आपल्या दोन तालुक्यांएवढं राज्य. नदीकाठानं कापडाच्या गिरण्या, गिरण्यांत खपणारी हजारो माणसं. आणि तिथला जुना कायदा असा, की ज्याच्या नावावर ठरावीक किमतीची जमीन असेल त्यालाच मत. त्याला आणि त्याच्या थोरल्या मुलाला. धाकटी मुलं, गिरणीतले कामगार, भाड्यानं राहणारे, यांनी निवडणुकीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं.

"बराबर हाय की," आप्पा भाकरी मोडत म्हणाले होते. "ज्याचं रान, त्यालाच पावसाचा घोर. भाडेकरूला काय, छत्री घेतली की झालं."

शेफाली तेव्हा हसली होती. एका निवडणुकीत मोठ्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या सेनापतीला झोपडीतला गरीब माणूस म्हणून मिरवलं आणि निवडून आणलं, हे तिनं सांगितलं तेव्हा तर आप्पांना हसताहसता ठसका लागला. "म्हंजे समदं आपलंच हाय," ते म्हणाले. "नुसती नावं तेवढी अवघड."

त्या रविवारी सत्कार ठेवला होता. दिवाळी नुकतीच उलटलेली. दूरदर्शनवर रोज बातम्या होत्या की अमेरिकेत नव्या अध्यक्षाची निवडणूक एका राज्यातल्या मतमोजणीपायी अडून बसली आहे, आणि हडपसरमधले लोक जणू शेफालीचंच काहीतरी अडलं असावं तसं तिला विचारत होते. आप्पांनी नगरसेवकाला बोलावलं होतं, दोन्हीकडच्या पाहुण्यांना बोलावलं होतं, मटणाचा बेत होता. सकाळपासून स्वयंपाकघरात घाई चालली होती.

सुंदराआत्या लसूण सोलत पाटावर बसली होती. आप्पांची ही सख्खी बहीण. नवरा गेल्यापासून फुरसुंगीला दिराच्या मुलांकडं राहायची; राहायची म्हणजे ओसरीवर एक खाट आणि खाटेखाली पत्र्याची पेटी. शेफाली शेजारी टेकली तशी तिनं आवाज उतरवला.

"आज कागद काढणार हायेत. रामदास सकाळी वकिलाकडं जाऊन आलाय."

"कसले कागद?"

"हक्कसोडीचे. तुझा न् माझा."

शेफालीला हे अगदीच नवं नव्हतं. शिवारातल्या घरांनी आपल्या जमिनी एकत्र करून कंपनी काढायची, बिल्डरला न विकता आयटी पार्क आणि इमारती स्वतःच उभ्या करायच्या, असं वर्षभर घाटत होतं. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत वाटा, आणि प्रत्येक घराचा एक माणूस संचालक. बांदलांच्या घरातून तिचा धाकटा भाऊ पृथ्वीराज उभा होता. त्यासाठी सातबारा सुटसुटीत पाहिजे होता, आणि सुटसुटीत म्हणजे त्यावर बायका नकोत. आजोबा वारले तेव्हा वारस म्हणून आत्याचं नाव लागलं होतं, ते काढायचं राहून गेलं होतं. शेफालीचं नाव कागदावर नव्हतं, पण नव्या कायद्यानं तिचा हक्क येत होता, आणि कंपनीच्या वकिलानं तिचीही सही मागितली होती.

"मला रोकड नको पोरी," आत्या म्हणाली. "मला एक दार पायजे. माझ्या नावाचं. कुणाच्या सुनेनं 'जरा सरका' म्हणू नये असं. तू सही करू नको, मीबी करत नाय. दोघी बसून राहिलो तर ह्यांचं गाडं हलायचं नाय."

"नाही करणार," शेफाली म्हणाली. "तुला सोडून मी काहीच करणार नाही."

आत्यानं लसणाचे हात पदराला पुसले आणि तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. चुलीपाशी शेफालीची आई, सोजरबाई, पाठमोऱ्या बसून भाकऱ्या थापत होत्या. त्यांची थाप तेवढी ऐकू येत होती.

सत्कार झाला. नगरसेवकानं शाल घातली, श्रीफळ दिलं आणि भाषणात ऱ्होड आयलंडला बेट म्हटलं. आप्पांनी लगेच उठून दुरुस्ती केली की ते नावापुरतं बेट आहे, बरंचसं जमिनीलाच जोडलेलं आहे. लोक हसले, आप्पाही हसले, आणि पुन्हा खाली बसताना त्यांनी मुलीकडं असं बघितलं, की शेफालीनं खांद्यावरची शाल उगाच सारखी केली. पंगती उठल्या. पाहुणे पान खाऊन आपापल्या गाड्यांकडं गेले. हॉलमध्ये घरचीच माणसं उरली, तेव्हा रामदासकाकांनी टीपॉयवरचे पेढ्यांचे बॉक्स बाजूला सारून कागद मांडले.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "आता एक सही घरासाठी."

शेफालीनं कागद उचलून वाचला. पृथ्वीराज मोबाइल हातात फिरवत तिच्याकडं बघत होता.

"यात लिहिलंय, भावाच्या प्रेमापोटी मी राजीखुशीनं माझा हक्क सोडते."

"मंग?" काका म्हणाले. "प्रेम नाय का भावावर?"

"आहे. म्हणून तर विचारते, त्यानं माझ्या प्रेमापोटी काय सोडलंय?"

"ताई, उगाच इश्यू करू नको ना," पृथ्वीराज म्हणाला. "सगळ्यांचे टायटल क्लिअर झालेत. आपल्या एका घरामुळं प्रोजेक्ट अडकला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आणि संचालक तू, हे कधी ठरलं? मला कुणी विचारल्याचं आठवत नाही."

आतापर्यंत आप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. जेवण जड झालेल्या माणसासारखे. डोळे न उघडताच ते बोलले, आणि बोलले ते त्यांच्या भाषेत नाही, तिच्या प्रबंधाच्या भाषेत.

"'मताचा अधिकार केवळ जमीनधारकास व त्याच्या ज्येष्ठ पुत्रास होता.' तूच लिवलंयस. पान मला ध्यानात नाय, पर वाक्य पाठ हाय."

रामदासकाका हसायला लागले. पृथ्वीराजही हसला, मग बहिणीचा चेहरा बघून थांबला.

"आप्पा, तो अन्याय होता असं लिहिलंय मी. पुढचा सगळा प्रबंध त्याच्यावरच आहे."

"पुढचं मी वाचलं नाय," आप्पा म्हणाले. "मला हे पटलं, मी हिथंच थांबलो."

"आणि ज्येष्ठच म्हणत असाल, तर थोरली मी आहे. पृथ्वी माझ्या पाठचा."

"पुत्रास," आप्पांनी डोळे उघडले. "पुत्रास, असं हाय त्यात. मी नीट वाचलंय."

शेफालीनं कागद खाली ठेवला. तिच्या मनात आलं, की हा माणूस आपल्या लेकीचं लिखाण चष्मा लावून, बोट फिरवत वाचत होता तेव्हा आपण किती सुखावलो होतो. आणि त्याच वेळी तो त्यात हेच शोधत होता. की शोधत नव्हता, सापडलं म्हणून ठेवून दिलं? दोन्हींतलं काय जास्त वाईट ते तिला ठरवता येईना.

"हे ऱ्होड आयलंड नाही आप्पा," ती म्हणाली. "चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये आपल्याकडं कायदा झालाय. तेव्हा ज्या मुलीचं लग्न झालेलं नव्हतं, तिला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच वाटा. माझं लग्न झालेलं नव्हतं."

शेवटचं वाक्य बोलताना आपला आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं शेफालीलाच नवल वाटलं. कारण तिचं लग्न झालं होतं.

त्र्याण्णवच्या वैशाखात, सासवडच्या पुढं एका गावात, मुलाच्या दारात मांडव घालून, मोजक्या माणसांत. नवऱ्याचं मुंबईला दुसरं बिऱ्हाड आहे हे तिला महिन्याभरात कळलं. तेव्हा तिला आणायला घरातला एकही पुरुष गेला नाही. चर्चा करत बसले. सुंदराआत्या एकटी एसटीनं गेली आणि त्या घराच्या उंबऱ्यात बसून राहिली, शेफालीची पेटी बाहेर येईपर्यंत. चार माणसांत काडीमोड झाली. त्या दिवशी आप्पांनी मांडवातले सगळे फोटो परसात जाळले आणि घरातल्यांना बसवून सांगितलं, "हे लगीन झालंच नाय. कुणी इचारलं तर बोलणी फिसकटली म्हणायचं." घरानं ते पाळलं. काकांनी पाळलं, पाहुण्यांनी पाळलं. पुढच्याच महिन्यात आप्पा तिला एम.ए.चा प्रवेश घ्यायला स्कूटरवरून घेऊन गेले. त्या एका खोट्याच्या आडोशाला शेफाली शिकली, मोठी झाली, लोकांच्या नजरेत नजर घालून बोलायला लागली. आज तिनं त्या खोट्यावर कायद्याचं कलम उभं केलं.

रामदासकाकांनी तोंड उघडलं, थोरल्या भावाकडं बघितलं आणि मिटलं. आप्पांची नजर फरशीवर होती. हा विषय या घरात आप्पांशिवाय कुणी काढायचा नव्हता, आणि आप्पांनी काढला नाही.

"ताई," पृथ्वीराज उठत म्हणाला, "जरा वर ये."

गच्चीवरून उसाचे दोन तुकडे दिसत होते, कालवा दिसत होता आणि कालव्यापलीकडे कारखान्यांचे पत्रे. पृथ्वीराज कठड्याला टेकला. खाली बसलेला पृथ्वीराज आणि हा, यांत फरक होता. लहानपणी मार बसणार असला की तो असाच तिच्याजवळ येऊन उभा राहायचा.

"तुझं नाव राहू दे," तो म्हणाला. "माझ्याइतकाच वाटा. आप्पांना मी पटवतो. तुला हवं तर बोर्डावर पण ये, आय डोन्ट माइंड. पण आत्याचा विषय सोड."

"का?"

"तिच्या नावामागं फुरसुंगीचे पुतणे येणार, माहितीये ना तुला? उद्या तिचं काही बरंवाईट झालं की ते कोर्टात जातील. बँक असल्या सातबाऱ्यावर दारात उभं करत नाही." तो थोडा थांबला. "तू आत असलीस तर पुढं आत्यासाठी काहीतरी करता येईल. दोघी बाहेर राहिलात तर कुणासाठीच काही नाही. तूच विचार कर, तू शिकलेली आहेस."

तो खोटं बोलत नव्हता. हेच तर अवघड होतं. शेफाली उसाकडं बघत राहिली. सकाळी आत्याला दिलेला शब्द तिला आठवत होता, पण तो मोडायचा नव्हताच. थोडा पुढं ढकलायचा होता. आधी आपलं पक्कं होऊ दे. मग आत्याचं बघता येईल, आणि आतल्या माणसाला जास्त चांगलं बघता येईल.

"बरं," ती म्हणाली.

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की मनात आलेलं ते वाक्य आपल्या ओळखीचं आहे. ऱ्होड आयलंडमधल्या बिनजमिनीच्या लोकांनी शेवटी कंटाळून स्वतःचीच सभा भरवली होती, स्वतःची राज्यघटना लिहिली होती: जमीन असो नसो, प्रत्येक पुरुषाला मत. तेव्हा राज्यातले काळे रहिवासी त्यांच्या दारात आले. आम्हीही बिनजमिनीचेच, आम्हालाही घ्या, म्हणाले. पुष्कळ चर्चा झाली, आणि शेवटी घटनेत 'गोरा' हा शब्द तसाच राहिला. आत्ता नको. आधी आपलं पक्कं होऊ दे. प्रबंधातल्या त्या प्रकरणात शेफालीनं त्या माणसांची अशी काही सालटी काढली होती, की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत तेवढ्याच प्रकरणाचं मुद्दाम कौतुक केलं होतं.

ती जिन्यात थांबली. पृथ्वीराज पुढं निघून गेला होता. तीही मागोमाग उतरली.

"ठरलं," पृथ्वीराजनं हॉलमध्ये सांगितलं. "ताईचं नाव राहील. ती सही करणार नाही, आणि आपण त्याला हरकत घ्यायची नाही."

"आणि सुंदराचं?" काकांनी विचारलं.

सगळ्यांनी शेफालीकडं बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात आत्या येऊन उभी राहिली होती, ओले हात तसेच पुढं धरून.

"आत्याचं आपण नंतर बघू," शेफाली म्हणाली.

"नंतर म्हंजे कवा, पोरी?" आत्यानं विचारलं. रागानं नाही. एसटी कधी सुटते विचारावं तसं.

तेवढ्यात आप्पा खुर्चीतून उठले, समोरची दुसरी खुर्ची त्यांनी स्वतः ओढली आणि म्हणाले, "सुंदरा, बस हितं."

आत्या या घरात पुरुषांसमोर खुर्चीवर कधी बसली नव्हती. ती बसली, कडेवर, पाठ न टेकता.

"तुला काय पायजे?"

"दार पायजे, दादा. माझ्या नावाचं."

"दिलं. पयल्या इमारतीत खालच्या मजल्याला एक घर. तुझ्या हयातीत तुला तिथनं कुणी उठवणार नाय. रामदास, हिच्या सहीआधी हे ल्ही. माझी सही घे त्याच्यावर." काका लिहीपर्यंत आप्पा थांबले. मग त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "आता मला एक सांग. शेफीच्या लग्नाला तू व्हतीस का?"

सात वर्षांत पहिल्यांदा तो शब्द घरात उच्चारला गेला.

शेफालीला आप्पांचा डाव एका क्षणात कळला, कारण तो त्यांना तिनंच शिकवला होता. जमीनवाले शेवटी जिंकले कसे, असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, की बिनजमिनीच्यांनी ज्यांना दारातून परत पाठवलं, त्या काळ्या लोकांना जमीनवाल्यांनी जवळ केलं. तुम्ही आमच्या बाजूनं उभे राहा, मत आम्ही देतो. ते राहिले. बंदुका घेऊन शहराच्या पहाऱ्यावर उभे राहिले, बंड मोडलं, आणि पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी जमीनवाल्यांच्याच पक्षाला मतं टाकली, तेव्हा बिनजमिनीच्यांचा पुढारी तुरुंगात बसला होता. सगळं ऐकून घेऊन आप्पा हात धुवायला उठता उठता म्हणाले होते, "चूक कुणाची? ज्यानं दारातनं माघारी लावलं त्याची."

आत्यानं शेफालीकडं बघितलं. त्या नजरेत सूड नव्हता, हे शेफालीला पुढं कितीही वर्षं मान्य करावं लागणार होतं.

"व्हते," आत्या म्हणाली. "हळद मीच लावली तिला. अक्षता टाकल्या. त्र्याण्णव साल व्हतं, माझा मालक गेला त्याच्या आदलं." मग ती शेफालीला म्हणाली, "ह्यात खोटं एक अक्षर नाय. तुला आणायला मीच आले व्हते, तेबी खरंच हाय."

"म्हंजे कायद्याच्या आदी लगीन झालेलं," रामदासकाका हळूच म्हणाले आणि लिहायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"आप्पा," शेफाली म्हणाली. "लग्न झालंच नाही, हे तुमचे शब्द आहेत. फोटो तुम्ही जाळलेत. मला शपथ तुम्ही घातलीत."

"तवा घराची अब्रू व्हती."

"आणि आता?"

"आता घराचं रान हाय."

ते तिच्याकडं न बघता बोलले. पृथ्वीराज खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. वर दिलेला शब्द त्यानं पुन्हा उच्चारलासुद्धा नाही, आणि शेफालीलाही त्याची आठवण करून द्यायचं तोंड राहिलं नव्हतं.

लढता आलं असतं. कोर्टात जायचं, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून माझं लग्न झालं नव्हतं असं शपथेवर सांगायचं, आणि समोरून आत्यानं येऊन झालं होतं म्हणून सांगायचं. आत्या खरं बोलणार आणि आपण खोटं. खडकीच्या कॉलेजात तिची नुकतीच नेमणूक झाली होती. पहिल्याच वर्षाला मुलांना ती इतिहासाचा पुरावा कसा तपासावा हे शिकवणार होती. शेफालीनं हात पुढं केला. काकांनी पेन दिलं.

"पुढं डॉक्टर लावा की," ते म्हणाले. "आता लावायला पायजे. हक्काचं हाय."

ते टोमणा मारत होते की मनापासून म्हणत होते, ते कळलं नाही. शेफालीनं लिहिलं: डॉ. शेफाली जयसिंग बांदल. नावापुढं ती अक्षरं तिनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिली. आप्पा पुढं वाकले, चष्मा वर करून सहीकडं बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो अभिमान होता. खराखुरा, लेकीचा. सकाळपासूनच्या सगळ्या गोष्टींत तेवढी एकच गोष्ट तिला सहन झाली नाही. ती उठून आत गेली.

आत्यानंही सही केली. अंगठा नाही, तिला सही येत होती, लहानपणी शेफालीनंच गिरवून घेतली होती. दिवेलागणीला पृथ्वीराज गाडी काढून तिला फुरसुंगीला सोडायला गेला. जाताना ती शेफालीच्या खोलीच्या दाराशी घुटमळली. शेफाली बाहेर आली नाही, आणि आत्यानं हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी निबंधकाच्या कचेरीत नोंदणी झाली. तिथून घरी येऊन शेफालीनं कपडे आणि पुस्तकं भरली. कॉलेजनं खडकीला एक खोली देऊ केली होती, ती घेणार नाही असं तिनं आधी कळवलं होतं. आता फोन करून घेते म्हणून सांगितलं. आप्पा मळ्यात गेले होते. सोजरबाई मागच्या मोरीवर आदल्या दिवशीची मोठी पातेली घासत होत्या. जेवणावळीच्या भांड्यांना बाई लावली होती, पण मटणाची पातेली त्या दुसऱ्याच्या हातात देत नसत.

"आई, मी निघते."

"हं."

शेफाली निघाली नाही. उभीच राहिली.

"काल तू एक शब्दसुद्धा बोलली नाहीस," ती शेवटी म्हणाली. "लग्नाची गोष्ट काढली तेव्हासुद्धा नाही. आप्पांना तू थांबवू शकली असतीस."

सोजरबाईंचा हात थांबला नाही. "कुणाच्या बाजूनं बोलायचं व्हतं?"

"माझ्या."

"काल सकाळी तू न् वन्सं माझ्या चुलीपाशी बसून ठरवत व्हता," सोजरबाई म्हणाल्या. "मी हातभर अंतरावर भाकरी थापत व्हते. आई, तुला काय वाटतं, असं दोघींपैकी कुणी म्हणलं का? मंग हॉलात तुझ्या आप्पांनी इचारलं नाय, रामदासभावजींनी नाय. गच्चीवर तुम्ही भावंडं ठरवून आला, तिथंबी मी नव्हते. ह्या रानाला रातच्या पाळीचं पाणी म्या दिलंय, तुला पाठीला बांधून दिलंय. माझं नाव कुठल्या कागदावर हाय, कवा बघितलंस? एवढी मोठी पोथी लिवलीस. कुणाला मत हाय न् कुणाला नाय."

मोरीच्या नळाचं पाणी पातेल्यात पडत होतं.

"नाही बघितलं," शेफाली म्हणाली.

सोजरबाईंनी पातेलं उपडं केलं, कडेला लावलेली राख बोटानं पुसून बघितली आणि पुन्हा घासायला घेतलं.

"मंग जा," त्या म्हणाल्या. "बस चुकंल."